बाबांचा प्रोसेसर

तर झालं असं, की निवृत्तीनंतर बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं. "बुद्धिबळाचं ते सॉफ्टवेअर नीट चालेल असा कॉम्प्युटर हवा. पैसे मी देणार, पण तीस हजारांच्या वर एक रुपया नाही."

झालं! आमचा वीकेंड गेला. स्टॉकफिश फुकट, त्यामुळे खर्च सगळा प्रोसेसरचा. ग्राफिक्स कार्डाचा त्याला काडीचा उपयोग नाही. (लीलाला असतो, पण त्या कार्डाची किंमत ऐकून बाबा उठूनच गेले असते.) कोअर जास्त तर सेकंदाला जास्त चाली तपासून होतात, पण कोअर दुप्पट केले म्हणून ताकद काही दुप्पट होत नाही. खरी मेख वेगळीच. २०२० साली स्टॉकफिश १२ मध्ये न्यूरल नेटवर्क आलं आणि त्याला एव्हीएक्स२ असलेला प्रोसेसर मानवतो. मित्राकडचा जुना पेंटियम तिथेच बाद. चालला असता, पण रांगत. शेवटी सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी घेतला. ग्राफिक्स आतच, कार्डाचे पैसे वाचले. मॉनिटर जुनाच.

सगळं जोडून झाल्यावर बाबांनी खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढला. १९८३चा कॉलेजातला डाव, बरोबरी मान्य केलेला.

"मी जिंकत होतो का रे? एवढंच बघायचंय."

दहा सेकंदांत उत्तर आलं. हत्ती सातव्या ओळीत, की काळं संपलं. हे माझ्या मोबाईलनेही सांगितलं असतं, पण ते मी बोललो नाही.

बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पंखा फार आवाज करतो रे याचा."