नकाशा काढणाऱ्याचा मित्र

पुणे

चि. सोनू,


जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘देर्सू उझाला’ हा सिनेमा पाहिलास हे वाचून बरं वाटलं, आणि तो तुला पुरता आवडला नाही हे वाचून आणखी बरं वाटलं. “मावशी, तो म्हातारा शिकारी जरा जास्तच चांगला आहे. साहेबलोकांना जसा आदिवासी हवा असतो, तस्सा,” असं तू लिहिलंस. याचं उत्तर फोनवर अंगठ्याने टाइप करणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या आईला सांगून फोटो काढून पाठवते. माझं अक्षर लावता आलं नाही तर तिलाच विचार.

तुझी शंका रास्त आहे. पण सिनेमामागचं पुस्तक आणि पुस्तकामागचा माणूस पाहिल्याशिवाय तिचा निकाल लावू नकोस. तू व्लादिवोस्तोकला ज्या विमानतळावर उतरलीस त्याला ज्याचं नाव आहे, तोच हा व्लादिमीर अर्सेन्येव. जन्म १८७२ चा, पीटर्सबर्गचा. लष्करात अधिकारी, आणि नोकरीच्या निमित्ताने पूर्वेच्या त्या टोकाला आलेला. आला तो तिथलाच झाला. नदी, डोंगर, वनस्पती, माणसं, सगळ्याच्या नोंदी करत हिंडला. त्याच्या मोहिमांवरची दोन पुस्तकं फार गाजली. पहिलं १९२१ साली आलं, दुसरं १९२३ साली, आणि त्या दुसऱ्याचं नावच ‘देर्सू उझाला’. गॉर्कीने त्याला पत्र लिहून वाहवा केली होती.

देर्सू नानाय जमातीचा. तेव्हा रशियन लोक त्यांना गोल्ड म्हणत. बायको आणि मुलं देवीच्या साथीत गेलेली, घर असं नाही, बेर्दान बनावटीची जुनी रायफल आणि पाठीवरचं ओझं एवढाच संसार. दोघांची गाठ पडली तेव्हा अर्सेन्येव ३३ वर्षांचा होता आणि देर्सू पन्नाशी ओलांडलेला. देर्सू त्याला ‘कॅप्टन’ म्हणायचा आणि रशियन मोडकंतोडकं बोलायचा. पण माग काढण्यात मात्र कॅप्टनचा गुरू. ओल्या मातीतला ठसा पाहून तो सांगायचा की इथून गेलेला माणूस म्हातारा आहे, कारण तरुणाचा भार चवड्यावर पडतो आणि म्हाताऱ्याचा टाचेवर. तू डॉक्टर होणार आहेस, तेव्हा ही तपासणी तुला आवडावी!

आता ‘चांगुलपणा’. तुला खटकलेला प्रसंग झोपडीचाच असणार. रात्र काढायला वाटेत एक रिकामी झोपडी सापडते. निघताना देर्सू तिचं छप्पर नीट करतो, सुकी लाकडं रचून ठेवतो आणि कॅप्टनकडे थोडे तांदूळ, मीठ आणि काडेपेटी मागतो. मागाहून कोणी येईल, त्याच्यासाठी. कॅप्टन गहिवरतो. मी मात्र गहिवरत नाही. जंगलात एकट्याने हिंडणाऱ्याचा तो रोकडा हिशेब आहे. देर्सूसुद्धा कधीतरी भिजून, उपाशीपोटी अशाच एखाद्या झोपडीत शिरला असेल आणि कोपऱ्यात कोणीतरी ठेवलेली काडेपेटी त्याच्या हाताला लागली असेल. हा हिशेब पाळला नाही तर पुढच्या हिवाळ्यात आपणच गारठून मरायचं. त्याला साधुत्व म्हणायचं की शहाणपण, तूच ठरव.

आणि तो चिडत नाही असं कोण म्हणतं? पुस्तकातला देर्सू चांगला किरकिऱ्या आहे. कॅप्टनने मांसाचा तुकडा विस्तवात टाकला तर तो ओढून बाहेर काढतो आणि वर रागावतो, की मागून कावळा येईल, उंदीर येईल, त्यांनी काय खायचं? डोळे असून तुम्हाला दिसत नाही, असं कॅप्टनला तोंडावर ऐकवतो. शिवाय तो भित्राही आहे. वाघाला तो ‘अंबा’ म्हणतो, त्याच्याशी मोठ्याने बोलतो, वाट सोड म्हणून विनवतो. कधीकाळी एका वाघाला गोळी घातली याची धास्ती त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. आपल्याकडचे वारली वाघोबाला पूजतात त्यातही प्रेमाच्या जोडीला असंच भय असणार. साहेबलोकांना हवा असलेला आदिवासी इतका घाबरत नाही.

तुझ्या बाजूचा एक पुरावा मात्र मीच देते. पुस्तकात दोघांची भेट १९०२ सालची आहे, आणि खांका तलावावरचं ते वादळही त्याच सालचं. सिनेमाचा तो कळसच. दोघं दलदलीत वाट चुकतात, सूर्य कलतो, वारा सुटतो, आणि देर्सू ओरडून ओरडून कॅप्टनकडून गवत कापून घेतो, त्याचा आडोसा करतो आणि दोघांचे जीव वाचवतो. पण अर्सेन्येवच्या रोजनिशीत देर्सू पहिल्यांदा येतो तो १९०६ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे त्या वादळात गवत कापायला देर्सू नव्हता. कोणी दुसरा असेल, किंवा वादळ दुसऱ्या साली झालं असेल, किंवा लेखकाने ते घडवलं असेल. अभ्यासकांना हे ठाऊक आहे. जंगलात त्याला वाट दाखवणारे अनेक जण होते. त्या सगळ्यांचं श्रेय एकाच्या नावावर जमा झालं आणि पुस्तकातला देर्सू खऱ्यापेक्षा मोठा झाला.

यात मला फसवणूक वाटत नाही. राग येतो तो एवढ्यासाठीच, की बाकीच्या वाटाड्यांची नावं मागे पडली. पण लेखक म्हणून मला त्याचा मोह समजतो. मित्र मेल्यावर आपण त्याच्या आठवणी ओढून ताणून लांबवतोच. दोन वर्षांची मैत्री त्याने सहा वर्षांची केली. जग बदलेल एवढी काही ती थाप नव्हे.

मला जास्त बोचतं ते वेगळं आहे, आणि कुरोसावा त्याच्या जवळपासही फिरकत नाही. अर्सेन्येव तिथे पक्षी पाहायला गेलेला नव्हता. १९०५ साली रशिया जपानकडून हरला होता. उद्या त्या किनाऱ्यावर शत्रू उतरला तर सैन्य कुठल्या खिंडीतून न्यायचं हे सिखोते-आलिनच्या डोंगरांत शिरून पाहणं, हेही त्याचं काम होतं. खिंडी, उतार, वस्त्या, माणसं किती, धान्य किती, सगळं नोंदायचं. जिथे जिथे देर्सू वाट दाखवत गेला तिथे तिथे मागून कागदावर रेघ उमटत गेली. पुढे अर्सेन्येवने तिथल्या उसुरी भागातल्या चिनी लोकांवर एक ग्रंथ लिहिला, तो १९१४ साली छापला गेला. चिनी व्यापारी स्थानिक शिकाऱ्यांना कर्जात कसे बुडवतात हे त्याने जे लिहिलंय ते खरंच होतं. पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष सरकारी होता, चिन्यांना हुसकावून लावा. त्या कामात त्याने स्वतः भागही घेतला. एका परक्या माणसावर इतका जीव लावणारा दुसऱ्या परक्यांच्या झोपड्या उठवतो. एकाच माणसाच्या हातून या दोन्ही गोष्टी झाल्या, आणि दोन्ही मनापासून झाल्या.

मग त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? माझं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहे, खाबारोव्स्कच्या. सिनेमात तो भराभर उरकतो. तू तो पुस्तकात सावकाश वाच.

देर्सूची नजर मंदावते. समोरच्या जनावरावरचा नेम चुकतो आणि तो हादरतो, कारण शिकाऱ्याचे डोळे गेले की पोट गेलं. अर्सेन्येव त्याला शहरात आपल्या घरी आणतो. हेतू चांगलाच. पण तिथे देर्सूला एकेक गोष्ट दिसत जाते. पाणी विकणारा येतो आणि घरातले त्याला पैसे देतात. नदी एवढी जवळ, आणि पाण्याला पैसे? लाकूडफाटासुद्धा विकत. तो फुकट आणावा म्हणून हा गावच्या बागेतलं झाड तोडतो आणि पोलिसांच्या हाती सापडतो. रायफल साफ करायला बार काढायचा म्हटलं तर तोही काढायचा नाही. मग तो आपला तासन्‌तास शेगडीपुढे बसून विस्तवाकडे बघत राहतो. माणसं अशी खोक्यात कशी राहतात, हे त्याला कळत नाही.

हे लिहिताना अर्सेन्येवने स्वतःच्या घराला सवलत दिलेली नाही. तो रागीट बायको रंगवत नाही, दुष्ट शेजारी रंगवत नाही. सगळे चांगलेच वागतात, आणि त्या चांगुलपणातच तो म्हातारा वाळत जातो. आपल्या पाहुणचाराने मित्र खंगतोय हे जो लिहून ठेवतो त्याच्या बाकीच्या अतिशयोक्त्या मी पोटात घालते. तुला पटतं का बघ. पुढे तू वॉर्डात काम करशील तेव्हा असे आजोबा-आजी भेटतील, ज्यांना मुलांनी प्रेमाने गावाहून उचलून फ्लॅटमध्ये आणलेलं असतं. औषध काय लिहायचं ते तेव्हा मलाही कळव.

शेवटी तो निघतोच. सिनेमात कॅप्टन त्याला नवी रायफल देतो आणि तिच्यापायीच त्याचा खून होतो. प्रेमाची भेटच काळ ठरते, ही गुंफण पटकथेला शोभते. प्रत्यक्षात १९०८ च्या मार्चमध्ये खाबारोव्स्कच्या दक्षिणेला, कोर्फोव्स्काया स्टेशनजवळ, त्याला कोणीतरी मारलं आणि लुटलं. रात्री शेकोटीपाशी झोपला होता. आयुष्यभर जंगलात उघड्यावर झोपलेला माणूस वाघाने खाल्ला नाही की थंडीने गारठून मेला नाही. मेला तो रेल्वेमार्गाच्या कडेला, शहर जिथपर्यंत येऊन पोचलं होतं तिथे. पुस्तकात अर्सेन्येव त्याला तिथेच पुरतो आणि जवळची दोन मोठी पाइनची झाडं खूण म्हणून ध्यानात ठेवतो. नंतर परत जातो तर झाडं गेलेली, वस्ती झालेली, जमीन उकरलेली, आणि कबर कुठे होती ते सांगता येत नाही. कुरोसावाने हा प्रसंग उचलून सिनेमाच्या सुरुवातीला ठेवला, हे मात्र त्याने फार नेमकं केलं.

कुरोसावाबद्दलही दोन ओळी. आदल्या सिनेमाच्या अपयशानंतर १९७१ साली त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. जपानमध्ये पैसा उभा राहत नव्हता. सोव्हिएत स्टुडिओने बोलावलं आणि त्याने तरुणपणापासून डोक्यात असलेलं हे पुस्तक काढलं. देर्सू झालेला माक्सिम मुंझुक नानाय नव्हता, तो तुवाचा, म्हणजे हजारो मैलांवरचा. तरी चालला. १९७५ च्या त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

अर्सेन्येव १९३० साली गेला तो अंथरुणात, तुझ्याच व्लादिवोस्तोकमध्ये. नशीबवानच म्हणायचा. त्याच्या मागे त्यालाच हेरांच्या टोळीचा म्होरक्या ठरवलं गेलं आणि त्या टोळीत असल्याच्या आरोपावरून त्याच्या बायकोला १९३८ साली गोळ्या घातल्या. मुलीलाही अटक होऊन तुरुंगवास भोगावा लागला. ज्या राज्यासाठी त्याने खिंडी मोजल्या ते राज्य गेलं, आणि नवं आलेलं त्याच्या घरावर उलटलं. मग काही वर्षांनी त्याच राज्याने एका अख्ख्या गावाला त्याचं नाव दिलं. आता विमानतळालाही.

नावांवरून आठवलं. पुस्तक वाचशील तेव्हा फोनवरचा नकाशा उघडून बसू नकोस, बरीच नावं सापडायची नाहीत. चीनशी बिनसल्यावर १९७२ साली तिकडच्या शेकडो नद्यांची, गावांची जुनी नावं पुसून रशियन नावं ठेवली. देर्सू आणि कॅप्टन भेटले त्या भागातली तादुशी नदी आता झेर्काल्नाया आहे. इमान गाव दाल्नेरेचेन्स्क झालं. देर्सूने सांगितलेली आणि अर्सेन्येवने लिहून घेतलेली नावं आज पुस्तकातच उरलीत.

तेव्हा एक काम कर. शहरात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, तो राहायचा ते घरही लोकांना बघायला ठेवलंय. रविवारी जा. १९७२ च्या आधीच्या नावांचा नकाशा मिळतो का विचार, छापील नसला तर झेरॉक्स चालेल. पैशांचं मी तुझ्या आईकडे बघते. आणि टोपी घालून जा, तिथल्या वाऱ्याबद्दल मी वाचलंय.

तुझी,
मावशी