डॉसमध्ये शिरोरेषा

डॉसवाला लॅपटॉप आठवतो का? विंडोजचे पैसे वाचवायचे म्हणून दुकानदार दाखवायचा तो. कागदावर 'फ्रीडॉस' असं लिहिलेलं असायचं आणि घरी आणल्याबरोबर ओळखीचा कुणी मुलगा येऊन पहिलं काम करायचा ते म्हणजे फ्रीडॉस पुसून टाकणं. इतकी उपेक्षा दुसऱ्या कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाट्याला क्वचितच आली असेल. मला मात्र ती आवडते. म्हणून गोव्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणारा मित्र "पोरांना काहीतरी वेगळं सांग रे" म्हणाला, तेव्हा मी तीच घेऊन गेलो.

आधी इतिहास सांगितला. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉसला निरोप देणार हे दिसू लागल्यावर १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या रिव्हर फॉल्स इथं भौतिकशास्त्र शिकणाऱ्या जिम हॉल या विद्यार्थ्यानं ठरवलं की तसंच डॉस आपण लिहू आणि सगळ्यांना मोफत देऊ. पॅट विलानी यांनी कर्नल दिला, बाकीचं जगभरच्या हौशी मंडळींनी. १.० ही आवृत्ती यायला २००६ साल उजाडलं; १.४ आली २०२५ मध्ये. मुलं अगदी सभ्यपणे ऐकत होती. (सभ्यपणे ऐकणारा वर्ग म्हणजे काय, ते कुठल्याही मास्तरांना विचारा!) एकानं हात वर केला, "सर, हे शिकून नोकरी कुठं मिळते?" म्हटलं, कुठंच नाही.

मग डीबग उघडला. फ्रीडॉसला जुना बायोस लागतो, तो नव्या यंत्रांत बहुधा नसतो. म्हणून क्यूएमूच्या खिडकीत चालवलं. डॉसमध्ये पडदा म्हणजे मेमरीतली एक सरळ पट्टी. ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक अक्षराला दोन बाइट : एक अक्षराचा, एक रंगाचा. बी८०० या पत्त्यावर ४१ आणि १एफ लिहिलं की कोपऱ्यात निळ्यावर पांढरा इंग्रजी 'ए' उमटतो. मधे कुणी अडवणारा नाही. आजच्या यंत्रांत विद्यार्थ्याला असं थेट हात घालायला मिळतं कुठं?

मागच्या बाकावर बेळगावची एक मुलगी होती. तिनं विचारलं, "सर, इथं 'अ' काढता येईल?"

अक्षरांच्या जागा २५६, त्यात 'अ' नाही. पण व्हीजीएमध्ये आकार बदलता येतात. एक अक्षर म्हणजे ८ ठिपके रुंद, १६ ठिपके उंच. म्हणजे १६ बाइट. तिनं आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवले, आकडे काढले, आणि थोड्या खटपटीनं 'अ' उमटला. नोकरीवालाही उठून तिच्या बाकाशी आला.

पुढं तिला 'बेळगाव' लिहायचं होतं. अक्षरं आली, पण शिरोरेषा जुळेना. दर अक्षरानंतर एक बारीक फट! कारण पडद्यावर प्रत्येक घर असतं ९ ठिपक्यांचं आणि नववा कोरा. फक्त १९२ ते २२३ या क्रमांकांना आठवा ठिपका नवव्यात उतरतो. ती सोय चौकटी आखण्यासाठी केलेली. अक्षरं तिथं हलवली आणि रेष सलग झाली. पण जागा अवघ्या ३२. क पासून ज्ञ पर्यंतसुद्धा मावत नाहीत, मात्रा आणि जोडाक्षरं तर दूरच.

आता पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाची गोष्ट सांगायला अर्थ होता. डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दाखवण्यासाठी यंत्रात वेगळं कार्डच बसवावं लागे. आणि १९९१ च्या इस्की प्रमाणात देवनागरी आणि कन्नड अक्षरांना संकेतांक एकच. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसे.

"म्हणजे बेळगाव दोन्हीकडे एकच?" तिनं विचारलं. वर्ग हसला. ती हसली नाही.

आठवड्यानं मित्राचा फोन आला. तास संपल्यावरही चारपाच जण थांबतात, म्हणे. सध्या रफार कुठं बसवायचा यावरून भांडण चाललंय.