बाकी सर्व १ टक्का

कॅशबॅक कार्डाच्या प्रत्येक जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं : तुमच्या खर्चाच्या सवयींना साजेसं कार्ड निवडा. सल्ला चांगला आहे. फक्त तो पाळायचा तर आधी स्वतःच्या सवयी माहीत हव्यात, आणि त्या माहीत असलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत. कुणालाही विचारा, आपला पैसा कशावर जातो? तो आपल्याला आवडणाऱ्या गोष्टींची नावं सांगेल. पुस्तकं, फिरणं, खाणंपिणं. दूध आणि घरभाडं कुणी सांगत नाही.

माझ्या ओळखीत हे अचूक सांगू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे आई. सांगलीला विश्रामबागेत राहते. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की वही घेऊन बसते. वाणी, दूध, भाजी, औषध, येणंजाणं, देणंघेणं आणि इतर. तिची ही खतावणी माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि ‘इतर’ हा रकाना फुगला की तिला चैन पडत नाही. ‘इतर’ म्हणजे काय ते आठवत नाही असा खर्च, अशी तिची व्याख्या.

मी बंगळूरला भाषांतराची कामं करते. पैसे येतात तेव्हा येतात. काही प्रकाशक तीन-तीन महिने लावतात. खर्च मात्र ठरल्या तारखेला दारात उभा असतो. कार्डावर खरेदी केली तर बिल निघून पैसे भरेपर्यंत जास्तीत जास्त पन्नासेक दिवस बिनव्याजी मिळतात, आणि मला त्या दिवसांची गरज होती. वर चार पैसे परत मिळणार असतील तर कुणाला नको आहेत? म्हणून आईच्या पद्धतीने तीन महिन्यांच्या नोंदी मांडल्या.

महिन्याची सरासरी आली ६८,९०० रुपये. त्यात भाडं २४,०००. आईजवळ दिवसभर असणाऱ्या मावशींचे ९,०००. इथे माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंचे ३,५००. वाणसामान ७,०००, त्यातलं ३,००० चं ऑनलाइन. आईची औषधं ४,२००. भाजी, दूध, वीज, इंटरनेट, रिक्षा, विम्याचा हप्ता, सांगलीला जायची राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची तिकिटं. बाहेर खाणं २,०००, किरकोळ ऑनलाइन खरेदी ३,०००, आणि पुस्तकं, तीही ऑनलाइनच, १,५००.

मग कार्डांच्या अटी वाचायला घेतल्या. जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला ५ टक्के हा आकडा वाचण्यात काही अर्थ नसतो. वाचायचं ते खालचं बारीक टायपातलं, कशावर काहीच मिळणार नाही ते. भाडं, वीज, विमा, इंधन, शाळेची फी, दागिने, वॉलेटमध्ये भरलेले पैसे. माझ्या एका कार्डाच्या यादीत रेल्वेसुद्धा होती. त्यानंतर एका महिन्यात जास्तीत जास्त किती कॅशबॅक मिळेल ती मर्यादा. आणि मग ते सुंदर वाक्य : बाकी सर्व खर्चावर १ टक्का.

हे बँकेला कळतं कसं, याचं मला कुतूहल होतं. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला चार आकड्यांचा एक संकेतांक दिलेला असतो. वाणसामानाची दुकानं आणि सुपरमार्केट ५४११, उपाहारगृहं ५८१२, औषधांची दुकानं ५९१२, प्रवासी रेल्वे ४११२, पुस्तकांची दुकानं ५९४२. देवस्थानांनाही आहे, ८६६१. आपण काय घेतलं ते बँकेला दिसत नाही, कुठे घेतलं तेवढं दिसतं. पुस्तकाच्या दुकानातून वही घेतली किंवा छत्री घेतली तरी ते ५९४२. आईच्या वहीत एकच दुकान तीन रकान्यांत विखुरलेलं असतं, कारण ती वस्तू बघते. इथली खतावणी जागेची आहे.

ज्यांना संकेतांकच नाही अशांचं काय? सांगलीच्या मावशी, इथल्या बाई, सकाळी आठला ‘सोप्पु, सोप्पु’ ओरडत पालेभाजीची गाडी घेऊन येणारी आजी. तिघींच्याही फोनवर पैसे जातात, पण ते माणसाच्या खात्यात जातात. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तरी त्यातून दुकानालाच पैसे देता येतात, व्यक्तीला नाही. एकूण बेरीज केली तेव्हा कार्डाच्या दृष्टीने ज्याला खर्च म्हणता येईल असे माझ्याकडे निघाले १३,५००. म्हणजे शंभरातले वीससुद्धा नाहीत. ज्या खर्चावर माझं घर आणि आईचं म्हातारपण चाललं आहे तो जवळजवळ सगळाच यादीबाहेर.

दोन कार्डं समोर उरली. नावं लिहीत नाही, कारण या अटी सतत बदलतात आणि हा मजकूर तुमच्या हातात पडेपर्यंत त्या तशा असतील याची खात्री नाही. पहिल्याचं वार्षिक शुल्क ९९९, जीएसटी धरून १,१७९. कुठल्याही ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, बाकी सर्व १ टक्का. वर्षात दोन लाख खर्च केला तर शुल्क माफ. दुसऱ्याला शुल्क नाही. एकाच संकेतस्थळावर, त्याच्या सभासदांना, ५ टक्के, बाकी सर्व १ टक्का. सभासद मी आधीपासूनच आहे.

पहिल्यावर मला महिन्याला ४३५ रुपये मिळाले असते, वर्षाला ५,२२०, शुल्क वजा जाता ४,०४१. दुसऱ्यावर वर्षाला ३,०६०. पहिलं पुढे होतं, पण माझा वर्षाचा खर्च १,६२,००० वर अडकत होता. शुल्क माफ व्हायला ३८,००० कमी. आणि यादीत एक रक्कम अशी होती की ती उचलून ऑनलाइन नेली की सगळं जुळत होतं : आईची औषधं. ४,२०० गुणिले १२. मग खर्च दोन लाखांच्या पुढे, शुल्क माफ, आणि औषधांवरचे ५ टक्के वेगळे. वर्षाला ३,६९९ रुपयांचा फरक. शिवाय ॲपवरची सवलत आमच्या मेडिकलवाल्यापेक्षा थोडी जास्तच.

साजेसं कार्ड निवडा असं म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते मला इथे दिसलं. कार्ड माझ्या सवयीला साजेसं होत नव्हतं. एक सवय जरा सरकवली असती तर मी कार्डाला साजेशी झाले असते.

त्या सवयीचा तपशील असा. मेडिकल आईच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. तिथे तिचं खातं चालतं; महिनाभर औषधं नेते आणि पाच तारखेला पैसे देते. कर्जाच्या नावाने घाबरणाऱ्या माझ्या आईला यात काही वावगं वाटत नाही. ‘ते खातं आहे, कर्ज नव्हे,’ म्हणते. गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या चारच हव्या असतील तर तो चार कापून देतो. आई दोन-तीन दिवस दिसली नाही तर फोन करतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली तेव्हा आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, पण वीज नव्हती आणि बाहेरून गावात काही येत नव्हतं. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. त्याने दुकानाचा फ्रीज इन्व्हर्टरवर ठेवला होता. आईच्या कुप्या तिथे नेऊन ठेवल्या आणि रोज एक वेळ स्वतः थर्मासमधून आणून दिल्या. मी तेव्हा बंगळुरात फोन हातात धरून बसले होते. त्या आठवड्यात कुठल्याही ॲपवर मागवलेलं काहीही तिथे पोचलं नसतं.

हे सांगून ३,६९९ रुपये खोडून टाकणं मला पटत नव्हतं. पूर रोज येत नाही. औषधं दर महिन्याला लागतात. आणि माणुसकीचा हिशेब नेहमी गरजू माणसानेच का भरायचा, हाही प्रश्न आहेच. म्हणून मी मधला मार्ग काढला. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्या ठरलेल्या असतात, त्या ॲपवरून मागवू. इन्सुलिन त्याच्याकडूनच घे. फोनवर आईला सगळे आकडे सांगितले. आकडे सांगितले की ती नीट ऐकते.

‘तीन हजार सहाशे नव्याण्णव वर्षाचे की महिन्याचे?’
‘वर्षाचे.’
‘म्हणजे महिन्याला तीनशे. थोडे नव्हेत गं.’ मग थोडं थांबून, ‘पण इन्सुलिनवर त्याला काय सुटतं? दुकान गोळ्यांवर चालतं. गोळ्या तू तिकडून मागवणार, शेजारची मागवणार, मग तो फ्रीज कशासाठी चालू ठेवेल?’

हे बोलताना तिच्या आवाजात कृतज्ञता वगैरे काही नव्हती. भाजीचा भाव करावा तसं बोलत होती.

हा परत मिळणारा पैसा येतो कुठून, हेही तिने विचारलं. थोडक्यात असं. दुकानदाराला कार्डावर शंभर रुपये मिळाले की त्यातले साधारण दीड-दोन रुपये बँका आणि कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी कापून घेतात. त्यातला एक वाटा आपल्याला कॅशबॅक म्हणून दिला जातो. अमेरिकेत सीअर्स या दुकानांच्या साखळीने १९८६ मध्ये डिस्कव्हर कार्ड देशभर आणलं तेव्हापासून ही युक्ती रूढ झाली. दुकानदार तो खर्च सगळ्यांच्याच किमतीत मिसळतो, त्यामुळे रोखीने घेणाराही तो भरतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरता याचा हिशेब मांडला होता : रोखीने व्यवहार करणाऱ्या कुटुंबाच्या खिशातून वर्षाला सरासरी १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. आपल्याकडे साध्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. मेडिकलवाल्याकडे कार्डाचं मशीन नाही, क्यूआर आहे. रुपे कार्डाने तिथे पैसे दिले तर लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंत काही कापलं जात नाही, त्यापुढे कापलं जातं. आईचं बिल ४,२००. तीन तुकडे करून भरण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला. मग आपण केवढ्याशा रकमेसाठी किती डोकं चालवतो आहोत याचंच हसू आलं.

कार्ड घेणाऱ्यांनी एक गणित मात्र भिंतीवर लिहून ठेवावं. बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, वर्षाला ४२ ते ४५, त्यावर जीएसटी. बिनव्याजी दिवसही जातात, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दहा हजार रुपये एक महिना मागे राहिले तर पावणेचार टक्क्यांनी ३७५ आणि कर धरून साधारण ४४२ रुपये. पहिल्या कार्डावर माझी महिन्याची कमाई होती ४३५. ज्यांचं उत्पन्न माझ्यासारखं वर-खाली होतं त्यांच्यासाठी कार्डाचा टक्का दुय्यम आहे. एका महिन्याचं बिल भरण्याइतके पैसे बाजूला आहेत का, हे आधी बघावं. प्रकाशकाकडून येणारे पैसे बाजूला आहेत असं धरू नये.

शेवटी मी बिनशुल्काचं कार्ड घेतलं. औषधं सोडून हिशेब केला तरी पहिलं ९८१ रुपयांनी फायद्याचं होतं, हे मला माहीत आहे. पण त्याबरोबर तो दोन लाखांचा आकडाही घरात आला असता. १,१७९ वाचवायला ३८,००० कुठे खर्च करता येतील, हा विचार वर्षभर, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, डोक्यात राहिला असता, आणि दर वेळी नजर औषधांच्या रकान्याकडे गेली असती. ९८१ रुपयांत ती कटकट टळली. मला महाग वाटलं नाही.

आईला आता पाच तारखेला दुकानापर्यंत चालत जाणं झेपत नाही, म्हणून मेडिकलचं खातं मी इथून भरते, बचत खात्यातून, साध्या यूपीआयने. तो बिलाचा फोटो पाठवतो, खाली लिहितो, ‘काकूंना सांगा, साखर परत तपासायची झालीय.’ पैसे गेले की माझ्या फोनवर एक चकचकीत चौकोन येतो. तो बोटाने खरवडायचा असतो. मागच्या महिन्यात त्याखाली लिहिलं होतं, पुढच्या वेळी नशीब आजमावा.