घर विकणारा आडनाव तपासतो, आपण चौकट का तपासू नये?

गेल्या वर्षी नागपुरात घर शोधत होते. सात घरे पाहून झाली. त्यातल्या तीन ठिकाणी फोनवर सगळे जुळायचे आणि आडनाव सांगितले की "एक पार्टी कालच बयाणा देऊन गेली" असे उत्तर यायचे. हा अनुभव आपल्याला नवा नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. त्यानंतर आपल्या मनाचे काय होते, त्यावर लिहायचे आहे.

आठवा फ्लॅट तळमजल्यावरचा, रिसेलचा. मालकांनी आडनाव ऐकले आणि काहीच बोलले नाहीत. मला इतके हायसे वाटले की त्याच दिवशी बयाणा द्यायला मी तयार झाले. आईने थांबवले. ती बाथरूमच्या दाराशी वाकली आणि चौकटीच्या खालच्या भागावर बोटांनी ठोकू लागली. दोन ठिकाणी भरीव आवाज आला, तिसऱ्या ठिकाणी पोकळ. वर ऑइलपेंट मात्र ताजा. "उधई आहे," ती म्हणाली. एजंट हसला. "काकू, नागपुरात उधई कोणाच्या घरात नाही?"

उधई म्हणजे वाळवी. आईला ती ओळखायला कोणी शिकवले नाही. गावच्या मातीच्या घरात आमची कागदांची पेटी वाळवीने खाल्ली, त्यात आजोबांचा शाळेचा दाखला गेला. जात पडताळणीला अनुसूचित जातींकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. भावाच्या व्हॅलिडिटीच्या वेळी तो एक कागद नव्हता, म्हणून शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळवायला वडिलांनी दीड वर्ष चकरा मारल्या. ज्यांच्या घरी खरेदीखते, सातबारे आणि जुन्या वह्यांची कपाटे भरलेली असतात, त्यांची एक फाईल वाळवीने खाल्ली तरी दुसरी उरते. आमच्याकडे तेवढा एकच कागद होता.

मी मालकांना सांगितले, माझ्या खर्चाने पेस्ट कंट्रोलवाला आणते, तो पाहून जाऊ दे, मग बयाणा. एजंटने मला बाजूला घेतले. "ताई, ते देत आहेत हेच खूप समजा. जास्त ताणू नका."

माणूस वाईट नव्हता, त्याच्या परीने हिताचेच सांगत होता. पण हे वाक्य नीट ऐका. बाजारभाव मी देणार, वीस वर्षे हप्ते मी भरणार, तरी घर "देत आहेत". आणि खरे सांगायचे तर मलाही क्षणभर ते पटले होते. गावगाड्याने शिकवलेले वळण आहे हे. पदरात पडेल ते न पाहता घ्यायचे आणि वर आभार मानायचे. एम.ए.ला मी यावर पाने भरभरून लिहिली होती, पण स्वतःच्या घराच्या वेळी आईने चौकट ठोकली म्हणून शुद्धीवर आले.

कायदाही पाहून घ्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ सांगते की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष त्याने उघड केला पाहिजे. म्हणजे साधी काळजी घेणे आपल्यावरच येते. बोटाने ठोकून कळणारी पोकळी उद्या कोर्टात "लपवलेली" कशी ठरणार? रेरातली पाच वर्षांची बांधकाम-दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, जुन्या मालकावर नाही. बँकेवरही विसंबू नका. आमचा व्हॅल्युअर दहा मिनिटांत खोल्या मोजून, फोटो काढून गेला. वकिलाने सर्च रिपोर्ट दिला तो मालकीचा. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे हे एजंटने न विचारता तीनदा सांगितले, पण लाकडाला हात कोणीच लावला नव्हता.

रविवारी पेस्ट कंट्रोलवाला आला, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन. ओट्याखालचे कपाट रिकामे करून नळाचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा पाहिली. स्कर्टिंग, स्विचबोर्डच्या मागची बाजू, भिंतीतल्या कपाटाची पाठ, सगळे पाहिले. मग बाहेर जाऊन जोत्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या रेघा दाखवल्या. जमिनीतली वाळवी उजेड आणि कोरडी हवा टाळते, म्हणून मातीचे बोगदे करून वर चढते. त्याने एक रेघ मधोमध खरवडून ठेवली. चार दिवसांनी पाहिले तर ती पुन्हा जोडलेली होती, म्हणजे आत वाळवी जिवंत होती. तीन चौकटी आणि एक कपाट गेले होते. हे सगळे मी त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून घेतले. तोंडी सांगणे घेऊ नका, कागदच घ्या. औषध सोडायचे तर फरशी आणि भिंतीच्या सांध्यालगत साधारण फूटभर अंतरावर भोके पाडावी लागतात. त्याची पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे.

विहारातल्या एका ताईंनी विचारले, मग पहिल्या शीलाचे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. मला तो पुरला. त्यांना पुरला की नाही, माहीत नाही.

मालक चिडले. "इतका संशय असेल तर राहू द्या," म्हणाले. मी लेटरहेडची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आले. त्या रात्री झोप लागली नाही, नववे घर शोधायची ताकद नव्हती. पाचव्या दिवशी एजंटचा फोन आला. विक्रीपत्राआधी औषध मालक मारून देतील हे करारनाम्यात लिहिले गेले, आणि दोन चौकटींचे पैसे किमतीतून कमी झाले. तिसरीचे आणि कपाटाचे त्यांनी केले नाहीत. कपाट काढून टाकले. बाथरूमची चौकट अजून बदलायची आहे.