मोटार नसली तरी समुद्र दूर नाही

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, की चार दिवस हाताला उसंत मिळते. कुठेतरी जाऊन यावे असे घरात सगळ्यांनाच वाटते. पण बोलणे एकाच जागी अडते. "आपल्याकडे मोटार कुठे आहे?" भाड्याच्या जीपचा आकडा ऐकला की बेत पुढल्या वर्षावर जातो. आमच्या सासूबाईंचा समुद्र असाच वर्षानुवर्षे राहून गेला होता. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मी मनाशी ठरवले की आता न्यायचेच. गेल्या पौषात त्र्यंबकजवळच्या आमच्या गावाहून आम्ही तिघे एसटी आणि रेल्वेने पालघर, बोईसर, तारापूर पाहून आलो.

बेत आखताना ध्यानात ठेवा, की रेल्वे हा या मुलुखाचा कणा आहे. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू अशी स्टेशने ओळीने लागतात. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. म्हणून मुक्काम एकट्या पालघरला ठेवावा, गाठोडी तिथे टाकावीत आणि रोज एकच स्टेशन धरावे.

पहिला दिवस वाटेतच गेला. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा घाटरस्ता आहे. दुसऱ्या दिवशी लोकलने केळवे रोडला उतरलो. तिथून गावात जायला रिक्षा सीटवर मिळते. पानवेलींचे मळे पाहिले, शितलादेवीचे दर्शन घेतले आणि सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आलो. सासूबाई घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "याला पलीकडचा काठच नाही गं!"

तिसऱ्या दिवशी बोईसरहून तारापूर गाठले. तिथला किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव पडले. जवळच १९६९ पासून चालू असलेले देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. पुढे ते वाढवताना पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. घरात बटण दाबताना त्या गावांची आठवण ठेवावी, असे आम्हा शेतकऱ्यांना वाटले.

खर्चाचे म्हणाल, तर मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बायकांचे तिकीट निम्मे आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे. वयाचा दाखला जवळ बाळगावा. ही सवलत एसटीची, रेल्वेची नव्हे. भाकरी, चटणी आणि पाणी घरचे घ्यावे.

सगळ्यात महत्त्वाचे सांगते. कुठेही उतरलात की आधी परतीची शेवटची गाडी विचारा. वेळ कागदावर लिहून घ्या आणि तिच्या आधीची गाडीच आपली समजा. म्हातारे माणूस बरोबर असताना अंधारात फाट्यावर उभे राहण्याची पाळी येऊ नये.

राहता राहिली गुरे. आमच्या दोन म्हशींची धार तीन दिवस शेजारच्या जाऊबाईंनी काढली. येत्या माघात त्या निघणार आहेत. त्यांच्या गोठ्याचे काम आता आमच्याकडे.