अंदाजपत्रकातील एक ओळ

सार्वजनिक संस्थांची अंदाजपत्रके वाचण्याचा आम्हांस नाद आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कोणी पंचांग चाळतो, कोणी उपवर मुलामुलींच्या जाहिराती वाचतो. आम्ही जमाखर्च वाचतो. सभेतील भाषणे ऐकून ज्या गावाविषयी फार आशा वाटावी, त्या गावाची खर्चाची बाजू पाहिली म्हणजे पुष्कळदा मन जमिनीवर येते. मावळ तालुक्यात राहू लागल्यापासून या नादास थोडे निश्चित वळण लागले आहे. कागद हाती आला की आमची दृष्टी एकाच ओळीकडे जाते. ती ओळ म्हणजे 'महिला व बालकल्याण'.

या ओळीस नियमाचा आधार आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील शेकडा १० आणि नगरपालिकांनी शेकडा ५ या कामी राखून ठेवावयाचे असतात. म्हणजे पैसा कोठून आणावयाचा हा आपल्या सर्व सत्कार्यांच्या वाटेतील पहिला धोंडा येथे मुळी नाहीच. तो पैसा जातो कशावर, हे पाहू लागले म्हणजे ठिकठिकाणी तीच नावे भेटतात : शिलाई यंत्रे, सायकली, पिठाच्या गिरण्या, अंगणवाडीस भांडी, आणि मुलींसाठी पंधरवड्याचा कराटेवर्ग. यांची टवाळी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. नाणे मावळातील एखाद्या वाडीवरील मुलगी सायकल मिळाल्यामुळे कामशेतच्या शाळेत जाऊ लागते आणि तिचे लग्न दोन वर्षे लांबते, तेव्हा त्या सायकलीने पुष्कळ व्याख्यानांहून अधिक काम केलेले असते. परंतु सायकल ही वस्तू आहे, तिचे वाटप करता येते, आणि वाटपाचे छायाचित्र काढता येते. ज्या कामाचे छायाचित्र निघत नाही, त्यास ही ओळ सहसा पोचत नाही.

असे एक काम म्हणजे घरातील मारहाण आणि मुलांमुलींवर होणारे लैंगिक अत्याचार घडण्यापूर्वी थांबविणे. २०२२ च्या ऑगस्टात पवन मावळातील एका गावी सात वर्षांच्या बालिकेवर जो प्रसंग गुदरला, त्याची आठवण या तालुक्यात कोणास करून द्यावी लागत नाही. मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या, आणि २०२४ च्या मार्चात पुण्याच्या न्यायालयाने आरोपीस फाशीची शिक्षा सुनावली. त्या दिवसांत जो तो फाशीविषयी बोलत होता, व ते स्वाभाविकही होते. पण फाशी ही झालेल्या गोष्टीवर असते. न झालेल्या गोष्टीसाठी काय करावे, याविषयी फार थोडे बोलले गेले. बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शेकडा नव्वदांहून अधिक ठिकाणी आरोपी त्या मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा, असा तो असतो. चौकात टांगलेल्या कॅमेऱ्यास घराच्या आतले दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील दर चार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एकीने नवऱ्याची मारहाण अथवा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. त्या चौथ्या घरात मुलेही वाढत असतात, आणि ती पाहत असतात.

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना सारे बाईच म्हणतात. कराटेच्या वर्गाविषयी आम्ही एकदा जरा उत्साहाने बोलू लागलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, मुलींना गुद्दा मारायला शिकवलंत, छान केलंत. पण मुलांना काय शिकवलंत?" आम्हांस उत्तर सुचले नाही. परिणाम एवढाच झाला, की गेली दोन वर्षे त्यांच्या ओळखीने आम्ही लोणावळ्याजवळील एका शाळेत महिन्यातून एकदा नववी-दहावीच्या मुलांशी बोलावयास जातो. बरोबर एक डॉक्टर स्नेही असतात.

तेथे एक पेटी ठेवली आहे. मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहून तीत टाकावे, असा संकेत आहे. पहिल्या दोन महिन्यांत तीत थट्टेखेरीज काही निघाले नाही. तिसऱ्या महिन्यापासून मात्र पेटी बोलू लागली. "मुलगी नाही म्हणाली की मित्र हसतात, मग काय करायचे?" असे एकाने विचारले. दुसऱ्याने, आपण सुटीच्या दिवशी बंगल्यावर कामास जातो, तेथील एक माणूस अंगाला हात लावतो, हे कोणाला सांगावे, असे विचारले. पर्यटकांची गर्दी आणि भाड्याचे बंगले यांवर ज्या गावांची चूल पेटते, तेथील मुलांचा हा खास प्रश्न आहे. मुलगेही या अत्याचारातून सुटत नाहीत, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. आणखी एका चिठ्ठीत एवढेच होते : "बाबा आईला मारतात तेव्हा मी मधे पडलो तर चूक होईल का?"

या चिठ्ठीने आम्हांस फार दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. खाली नाव नव्हते, आणि ते नसावे हाच तर आमचा करार. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आम्ही फळ्यावर मोठा लिहिला, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सोप्या शब्दांत सांगितला. पण त्या मुलाला फळ्यावरचा आकडा नको होता. दर आठवड्यास शाळेत येणारे, चेहऱ्याने ओळखीचे झालेले, मधल्या सुटीत ज्याच्याशी पाच मिनिटे बोलता येईल असे एक शिकलेले माणूस त्यास हवे होते. महिन्यातून एकदा येणारे हौशी पाहुणे ही उणीव भरून काढू शकत नाहीत. अशा माणसास पगार द्यावा लागतो, आणि तो एक वर्ष देऊन भागत नाही.

हे स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे आहे काय? बोरघाट उतरून मुंबईस गेले म्हणजे दोन उदाहरणे भेटतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका व 'सेहत' ही संस्था यांनी मिळून, मारहाण सोसलेल्या स्त्रियांसाठी 'दिलासा' हे केंद्र काढले. २००६ पासून त्याचा भार महापालिकेने आपल्या शिरावर घेतला, आणि पुढे तशी केंद्रे तिच्या इतर रुग्णालयांतही निघाली. हे झाले घाव बसल्यानंतरचे. घाव बसण्यापूर्वीचा प्रयोग २००८ पासून तेथील पालिकेच्या शाळांत झाला. सहावी-सातवीच्या मुलामुलींशी स्त्रीपुरुषसमानतेविषयी, रागाविषयी, मारहाणीविषयी वर्गातच खेळांतून व चर्चेतून बोलावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. मुलांच्या समजुतींत फरक पडलेला दिसला. वागणुकीत तो तितक्या लवकर उतरत नाही, असेही दिसून आले. हे प्रामाणिक उत्तर आम्हांस आवडते, कारण त्यातूनच हे काम वर्षानुवर्षे का चालवावे लागते ते कळते. त्याच शहरात पुढे क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच हाताशी धरून मुलांशी हे विषय बोलण्याचा 'परिवर्तन' नावाचा उपक्रम झाला. आमच्या तालुक्यात तर प्रत्येक पुढाऱ्याच्या नावाने एकेक चषक आहे! सामन्यांना खर्च कमी पडल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

आईबापांचा विरोध होईल, अशी शंका पुढे येते, आणि ती निराधार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि त्यांतील एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००७ साली, किशोरवयीनांच्या शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांनी थांबविला. तथापि आमच्या शाळेतील पालकसभेत आम्ही चिठ्ठ्यांतील मजकूर, कोणाचा तो कळू न देता, वाचून दाखविला, तेव्हा विरोध करावयास उठलेले गृहस्थ काही न बोलता खाली बसले. एक आई मात्र सभा संपल्यावर थांबून म्हणाली, "साहेब, हे आमच्या मोठ्याच्या वेळी का नव्हतं?"

दुसरी अडचण अधिक खरी आहे. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण लोणावळ्यासारख्या नगरपालिकांवर २०२२ च्या आरंभापासून २०२५ च्या डिसेंबरातील निवडणुकांपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, प्रशासकच होते. सभागृह नाही, तेव्हा महिला व बालकल्याण समितीही नाही. जिच्याकडे अर्ज घेऊन जावे अशी एकही निवडून आलेली बाई नव्हती. आता ती सबब उरलेली नाही.

खर्चाचा हिशेब आम्ही करून पाहिला आहे. एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न ५ लाख धरले, तर तिच्या वाट्याच्या या ओळीत ५० हजार येतात. तेवढ्यात माणूस ठेवता येत नाही, म्हणून यंत्रे घेतली जातात. पण तशा दहा गावांनी आपापल्या रकमेचा अर्धा भाग एकत्र केला, तर अडीच लाख होतात. तेवढ्यात दहा गावांच्या शाळांतून फिरणारी एक समुपदेशिका, निदान आठवड्यातील काही दिवस, ठेवता येईल. तळेगावकरांना ही युक्ती नवी वाटू नये. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, घरोघरच्या एकेका पैशातून, तेथे १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला.

२६ जानेवारीस ग्रामसभा भरते, आणि तिच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. तिला फारसे कोणी जात नाही, सह्या मात्र घरपोच मिळतात. यंदा बाईंनी आपल्या जुन्या विद्यार्थिनींना निरोप धाडले आहेत. ठरावाचा मसुदा आमच्याकडून लिहून घेतला आणि त्यातील 'सक्षमीकरण' हा शब्द खोडून, "शाळेत दर आठवड्यास बसणारी बाई" असे आपल्या हाताने लिहिले.