ताडपत्री, तुरटी आणि बडोद्याचे काका

मे महिना सरत आला की आपल्याकडे गावेच्या गावे निळी होतात. समुद्रामुळे नव्हे, प्लास्टिकमुळे! बाल्कांवाला निळे, लाकडांच्या ढिगाला निळे, जुन्या स्कूटरवर निळे. माझ्या लहानपणी ह्याच जागी माडाच्या विणलेल्या चुडतांचा आडोसा असायचा. तो दर वर्षी नवा विणायचा आणि पावसाळा संपला की चुलीत घालायचा. निळे प्लास्टिकसुद्धा एकदोन पावसाळेच टिकते, पण ते चुलीत घालता येत नाही आणि मातीत कुजतही नाही. ह्या दोहोंच्या मधली एक वस्तू मात्र आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. ती म्हणजे जाड सुती कापडाची खरी ताडपत्री. ती वापरून टाकायची वस्तू नव्हती, सांभाळायची होती. ते सांभाळणे काय असते, हे मला कळले ते बडोद्यात.

आधी थोडे शब्दांविषयी. मी भाषेची विद्यार्थिनी, त्यामुळे ही खोड जात नाही. ‘ताडपत्री’ म्हटले की डोळ्यांपुढे ताडाचे पान येते. पण ‘टारपॉलिन’ हा खलाशांचा शब्द आपल्या तोंडी रुळताना त्याला ताडाचे पान चिकटले असावे. मूळ शब्दात ताड नाही, डांबर आहे. जहाजावरचे खलाशी कापडाला डांबर फासून ते पाणी अडवण्यासाठी वापरत. ‘कॅनव्हास’चे नाते तर चक्क भांगेच्या झाडाशी, त्याच जातीच्या झाडाच्या धाग्यांपासून हे कापड विणत, म्हणून ते नाव. आपल्याकडे त्याची जागा कापसाने घेतली.

मराठीत मात्र कापडी निवाऱ्याला शब्दांची मुळीच वाण नाही. तंबू, डेरा, राहुटी, कनात, शामियाना. अर्धे आयुष्य मोहिमेवर काढणाऱ्या लोकांची ही भाषा. तंबू, कनाती, सतरंज्या सांभाळणाऱ्या खात्याला फरासखाना म्हणत. पुण्यात त्या नावाचे पोलीस ठाणे आजही आहे. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी गुजरातेत गेली ती अशीच, राहुट्यांतून. पुढे ती दांडिया बझार, रावपुऱ्यातल्या वाड्यांत स्थिरावली.

माझी मावशी लग्न होऊन अशाच एका मराठी घरात गेली. तिच्या घरचे मराठी ऐकायला मला फार आवडते. आपण गच्ची म्हणतो तिला ते लोक ‘अगाशी’ म्हणतात. ‘बराबर’ आणि ‘चालेल’ ह्या दोन शब्दांवर त्यांचा निम्मा संसार चालतो. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, ह्यांचे वय आता शहात्तर. शिक्षण कलाभवनात, कापडाच्या रसायनशास्त्राचे. नोकरीची सगळी वर्षे गिरण्यांच्या रंगखात्यात गेली.

कलाभवन हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नसते, म्हणून थोडे सांगते. सयाजीराव महाराजांनी ते १८९० साली काढले. त्यामागचे मुख्य माणूस होते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. कपडा रंगवणे, छापणे हे विषय तिथे शास्त्र म्हणून शिकवले जाऊ लागले. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले तेव्हा कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान शाखेत सामावले गेले. गज्जरांची एक हकीकत काका रंगवून सांगतात. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी १८९६ साली डांबर फासले. ते कुणाला निघेना. शेवटी पुतळा पुन्हा पांढरा केला तो गज्जरांनीच. “फासणारेही आपले आणि पुसणाराही आपलाच!” असे म्हणून काका मिश्किल हसतात.

आता त्या ताडपत्रीविषयी. काकांच्या वडिलांनी १९६२ साली वाड्यातल्या गणपतीसाठी ती घेतली. चौक पुरा झाकेल एवढी, जाड, मूळची बदामी. दर वर्षी गणपतीत ती चौकावर ताणायची आणि विसर्जनानंतर वाळवून, घडी घालून तळघरात ठेवायची. मावशीच्या लग्नाच्या पंगती तिच्याखाली उठल्या. काकांचे वडील गेले तेव्हा समाचाराला आलेली माणसे तिच्याखालीच बसली.

२०२४च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. धोक्याची पातळी २५ फुटांची, पाणी चढले ३५ फुटांच्याही वर. मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मावशीच्या तळघरात दोन दिवस पाणी होते. ७ सप्टेंबरला चतुर्थी. भाड्याच्या प्लास्टिकखाली गणपती बसला. ताडपत्री अगाशीच्या कठड्यावर टाकली होती. चिखल तसाच सुकला आणि त्याखाली काळे ठिपके धरले.

दसऱ्यानंतर आठ दिवसांची रजा टाकून मी गेले, तेव्हा घरात तोच वाद चालू होता. मावसभाऊ म्हणत होता, “बाबा, फेकू या ना. प्लास्टिकची नवी येते. फाटली की दुसरी आणू.” काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, “तू रजेवर आहेस ना? मग चल अगाशीवर.”

पहिला दिवस नुसता झाडण्यात गेला. चिखल कोरडा असतानाच झाडायचा. पाणी लागले की तो धाग्यात शिरतो. मऊ केरसुणी घ्यायची, तारेचा किंवा कडक नायलॉनचा ब्रश नाही. पुराचे पाणी म्हणजे गटाराचेही पाणी, म्हणून हातमोजे आणि तोंडाला फडके. मग काकांनी कापडाची परीक्षा घेतली. दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून जोराने ताणायचे. ताणले आणि टिकले तर पुढचे कष्ट करायचे. पापडासारखे फाटले तर ते कुजले, त्याला कोणताच लेप वाचवत नाही. खालची दोन फुटांची पट्टी फाटली. काकांनी ती कात्रीने सरळ कापून टाकली. हात अडखळला नाही. मावशी मात्र जिन्याच्या तोंडाशी उभी होती, ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी धुणे. गार पाणी, भरपूर पाणी आणि शक्यतो पाणीच. तेलकट डागांपुरते रिठ्याचे पाणी. कपडे धुण्याची पावडर अजिबात नाही. कारण असे की पावडरीचा अंश धाग्यात राहिला तर तो पाण्याला वाट करून देतो आणि एरवी वरून घरंगळणारा थेंब आत शोषला जातो. बुरशीच्या ठिपक्यांना व्हिनेगर पाण्यात घालून लावले, तासाभराने धुतले आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन दिले. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. “डाग राहू दे. बुरशी मेली पाहिजे, डाग जायला पाहिजे असे नाही,” काका म्हणाले. ब्लीचने डाग जातो, पण त्याबरोबर सुताचा जोरही जातो. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र तर कधीच करू नये, विषारी वायू निघतो.

तिसऱ्या दिवशी नुसते वाळवणे. मधले कापड दुपारपर्यंत वाळले, शिवणी संध्याकाळीही ओलसर होत्या. फसवणूक होते ती इथेच. हाताला कोरडे लागते म्हणून घडी घालतात आणि बुरशी शिवणीतून सुरू होते.

चौथा दिवस रसायनाचा. एका टबात दहा लिटर गरम पाणी आणि त्यात अर्धा किलो साधा कपड्यांचा साबण किसून. दुसऱ्या टबात तितक्याच पाण्यात अर्धा किलो तुरटी. आधी साबणाचे पाणी कापडात मुरेपर्यंत कुंचल्याने लावायचे, ते अर्धे सुकले की वरून तुरटीचे. संपले की पुन्हा तसेच दोन टब. मी विचारले, “काका, काल साबण नको म्हणालात आणि आज अर्धा किलो?” ह्या प्रश्नाचीच ते वाट पाहत होते. सुटा साबण पाण्याचा मित्र. पण तुरटीतले ॲल्युमिनियम त्याला भेटले की दोघांचा मिळून एक मेणचट पदार्थ होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. तो धाग्याच्या आतच तयार होतो, म्हणून वरून खरवडला जात नाही आणि कापडाची भोकेही बुजवत नाही. कापड श्वास घेते, थेंब मात्र अडतो. साबण मात्र तेलापासून केलेला खरा हवा. डिटर्जंटच्या वडीने हे होत नाही. दाढी झाल्यावर न्हावी फिरवतो ती तुरटी, गढूळ पाण्यात आजी फिरवायची ती तुरटी! तिचे हे तिसरे रूप मला ठाऊक नव्हते.

पाचव्या दिवशी शिवणी. मधमाश्यांचे मेण शिवणीवर घासायचे आणि वरून कोमट इस्त्री. सुईची भोके बुजतात. संध्याकाळी ताडपत्री चार कोपऱ्यांना बांधून मधल्या खळग्यात बादलीभर पाणी ओतले. काकांनी आधीच बजावले होते, खालून बोट लावायचे नाही. ओल्या सुती कापडाला खालून जिथे बोट लागते तिथूनच ते गळू लागते. नवा सुती तंबू पहिल्या पावसात थोडा झिरपतो, त्यालाही घाबरायचे नसते. भिजून धागे फुगतात आणि छिद्रे आपोआप मिटतात. आम्ही खाली पाट टाकून बसलो. थेंब पडला नाही.

बाकीच्या प्रकारांविषयीही मी विचारून घेतले. मालट्रकवरची जुनी हिरवी ताडपत्री मेण दिलेली असते आणि तिच्यात बहुधा तांब्याचा क्षार असतो. तांबे बुरशीला मारते. ती गरम पाण्याने धुऊ नये, मेण जाते. दुकानापुढच्या नव्या छताचे कापड बहुतेक कृत्रिम धाग्याचे. ते सौम्य साबणाने धुतले तर बिघडत नाही, पण खळखळून धुवावे आणि मग बाजारात मिळणारा पाणीरोधक फवारा मारावा. साबण-तुरटीचा उपाय त्याच्या कामाचा नाही, कारण तो धागा काही पितच नाही. प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाला आणि निळ्या प्लास्टिकला धुण्यापलीकडे काही करायचे नसते. ती उन्हाने मरतात, पाण्याने नव्हे. जवसाचे तेल पाजलेले कापडही पूर्वी असे. पण त्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात, म्हणून काका त्या वाटेला जात नाहीत.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची निघाली. युरोपातल्या मासेमारी होड्यांची शिडे पूर्वी लालसर तपकिरी असत. तो रंग हौसेचा नव्हता, कातेचा होता. हो, आपल्या विड्यातला कात! खैराच्या लाकडातला तुरट अंश शिडाला कुजू देत नाही. ज्यांच्या नावातच कात आहे त्या कातकऱ्यांचा धंदा खैर उकळून कात काढण्याचा. काकांनी हे सांगितले तेव्हा मला आमच्या पानाच्या तबकाकडे पाहण्याची नवी दृष्टी आली.

निघायच्या आदल्या रात्री मावसभावाशी बोलणे झाले. तो वाईट मुलगा नाही. म्हणाला, “ताई, पाच दिवस तू आणि बाबांनी दिलेस. दर दोनतीन वर्षांनी हे कोण करणार? बाबांना आता जिनासुद्धा चढवत नाही. आणि हा वाडा तरी किती दिवस?” ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. पैशाचा हिशोब मांडला तर तोच बराबर होता. पाच दिवसांच्या मजुरीत प्लास्टिकच्या कितीतरी ताडपत्र्या आल्या असत्या. जुन्या वस्तू सांभाळाव्यात असे आपण सहज म्हणतो, पण सांभाळणे म्हणजे कुणाचे तरी हात, कुणाची तरी पाठ आणि कुणाची तरी रजा असते. बहुतेक घरांत ती पाठ एकाच माणसाची असते. तो थकला की वस्तूही जाते.

२०२५च्या चतुर्थीला मी अर्थातच गोव्यात, माटोळीखाली. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. ताडपत्री चौकावर चढली होती. दोन फूट कमी पडली, म्हणून कडेची खुर्च्यांची रांग आत घेतली. रात्री जोराची सर आली, एका जुन्या ठिगळापाशी थोडे झिरपले, बाकी कोरडे. मग फोन काकांनी घेतला. “ठिगळाला मेण लावायचे राहिले होते,” एवढेच म्हणाले.

विसर्जनानंतरचे मावसभावाने स्वतः कळवले. ताडपत्री त्याने दोन दिवस वाळवली, शिवणी चाचपून पाहिल्या आणि घडी घातली. तळघरात नाही, माळ्यावर. मागच्या वेळच्या घड्यांवर पुन्हा घडी घालायची नसते, कापड तिथे तुटते, हेही त्याने मलाच ऐकवले. पुढच्या वर्षाचे तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही.